चुलीसकट सुबा

टिब्बामाजऱ्याच्या गज्जण सिंगला तुरुंगात जायची भारी हौस. चोऱ्यामाऱ्या करून आत जाणाऱ्यांतला तो नव्हे. तो जायचा शीख पंथासाठी, गळ्यात झेंडूच्या माळा घालून, ढोलाच्या तालावर, आणि परत यायचा तो अंगानं भरून. पंचावन्न साली सरकारनं ‘पंजाबी सुबा झिंदाबाद’, म्हणजे पंजाबी बोलीचं वेगळं राज्य झिंदाबाद, असं म्हणायलाच बंदी घातली, तेव्हा हा अंबाल्याच्या बस अड्ड्यावर गेला, एका पेंगणाऱ्या हवालदाराच्या कानाशी वाकला आणि असा काही गरजला की हवालदार बाकावरून खाली आला. तो बिचारा कानात बोट घालून हलवतोय तोवर गज्जण सिंग स्वतःच पोलिसांच्या गाडीत चढून खिडकीजवळची जागा धरून बसलाही होता.

त्याची बायको निहाल कौर. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि जिभेला धार अशी की समोरच्याला पळता भुई थोडी व्हावी. नवरा आत गेला की ती खळ्यावर बैल फिरवायची, गहू उफणायची, पाटाच्या पाण्यावरून भांडायची आणि जिंकून यायची. तिचा एकच प्रश्न असे.

“पंथावर संकट येतं ते नेमकं मळणीच्या दिवसांतच कसं येतं हो, जथेदार? थंडीत कधी येत नाही. गहू खळ्यावर पडला रे पडला, की अमृतसरहून बोलावणं आलंच!”

“मुहूर्त मी काढतो का, निहालो? पुढारी काढतात.”

“मग त्या पुढाऱ्यांच्या घरी गहू पिकत नसणार.”

साठ सालच्या मे महिन्यात पुन्हा बोलावणं आलं, आणि या खेपेला गज्जण सिंग खरोखरच पेटला होता. त्याच महिन्यात तिकडे मराठी लोकांना त्यांचं राज्य मिळालं, गुजरात्यांना त्यांचं. आंध्रवाल्यांना तर कधीचंच मिळालेलं. लाला हवेलीरामच्या दुकानात रेडिओवर ही बातमी ऐकून तो ओट्यावर काठी आपटत म्हणाला, “बोलीप्रमाणे राज्य सगळ्यांना मिळतं, लाला. त्यांनी मागितलं की तो हक्क आणि आम्ही मागितलं की देश तुटतो! आमच्या बोलीत काय सुरुंग पेरलेत?”

लाला साखर जोखत होता. त्यानं मान वर केली नाही. “बोलीत नाही रे, पगडीत. तू बोली मागतोस, दिल्लीला पगडी दिसते.”

“आणि तुला काय दिसतं?”

“मला उधारी दिसते,” लाला म्हणाला. दोघं हसले. लाला आणि गज्जण सिंग सत्तेचाळीसच्या एकाच काफिल्यातून पलीकडून चालत आलेले, एकाच बैलगाडीखाली झोपलेले. अशा माणसांत राजकारणावरून वैर यायला जरा वेळच लागतो.

अमृतसरला दरबार साहेब गुरुद्वाऱ्यात जथ्यांची रीघ लागली होती. अटक करून घ्यायला निघण्याआधी प्रत्येक जथेदारानं गुरूसमोर उभं राहून अरदास करायची, काही नेम बोलायचा, संगतीनं जयकारा द्यायचा, अशी रीत. गज्जण सिंगच्या आधी उभ्या राहिलेल्या जथेदारानं सुबा होईपर्यंत बाज सोडली, जमिनीवर झोपेन म्हणाला. त्याच्या आधीच्यानं दूध सोडलं होतं. एका म्हाताऱ्यानं तर जोडेच सोडले आणि तिथल्या तिथे अनवाणी झाला. त्याला मिळालेला जयकारा अजून घुमटात घुमत होता. गज्जण सिंग पुढे झाला आणि त्याच्या लक्षात आलं की चांगल्या चांगल्या शपथा संपल्यात. एवढी संगत आपल्याकडे बघतेय. आता हलकंसलकं काही बोललो तर टिब्बामाजऱ्याचं नाक कापलं जाणार.

मग त्याला आठवलं की जगात आपल्याला सगळ्यांत प्रिय काय आहे. आणि तो छाती फुगवून म्हणाला, “सच्च्या पातशहा! ज्या दिवशी माझी चूल पंजाबी सुब्यात येईल, त्या दिवशीच मी त्या चुलीवरची रोटी खाईन. तोवर वर्ज्य!”

असा जयकारा उठला की कबुतरं उडाली. गज्जण सिंगचा आतला हिशेब तसा बिनधोक होता. तीन-चार महिने तुरुंग. तिथे निहालोच्या हातची रोटी नाहीतरी मिळणार नव्हतीच. तोवर सुबा होतोय. आपलं गाव सुब्याबाहेर राहील हे तर स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं, कारण गावातली कुत्रीसुद्धा पंजाबीतच भुंकत होती.

सुबा झाला नाही. पुढाऱ्यांची सरकारशी बोलणी झाली, बोलण्यांतून आणखी बोलणी निघाली, आणि जानेवारीच्या थंडीत सगळ्यांना सोडून दिलं. गज्जण सिंग घरी आला तेव्हा निहाल कौर चुलीसमोर बसून मक्याची रोटी थापत होती. मोहरीच्या पाल्याचा साग शिजत होता, वर लोण्याचा गोळा तयार होता. बारा वर्षांचा मुलगा मोहकम बापाच्या गळ्यातली माळ स्वतःच्या गळ्यात घालून अंगणात मिरवत होता. गज्जण सिंगनं उंबऱ्यातच उभं राहून सगळी हकिगत सांगितली.

निहाल कौरनं शांतपणे ऐकून घेतलं. रोटी उलटली.

“म्हणजे तुमच्या पुढाऱ्यांनी सरकारला सोडलं,” ती म्हणाली, “आणि तुम्ही मला धरलंत?”

“तसं नाही, निहालो. अगं, सगळ्यांत प्रिय वस्तू सोडायची असते...”

“प्रिय! बैलजोडी प्रिय नव्हती? ती भिंतीवरची बंदूक प्रिय नव्हती? त्या लालाच्या ओट्यावर बसून गप्पा ठोकणं प्रिय नव्हतं? तेवढ्या संगतीत उभं राहून सांगून आलात की माझ्या बायकोच्या हातचं खाणार नाही. आता माझ्या माहेरची माणसं विचारतील, तर काय सांगू? सुबा झाला नाही म्हणून?” आणि तिनं त्याची वळकटी उचलून गोठ्यात नेऊन टाकली. “ज्याला माझी रोटी चालत नाही त्याला माझं छप्पर कशाला?”

असा गज्जण सिंग गोठ्यात राहायला गेला. एका बाजूला भुरी म्हैस, दुसऱ्या बाजूला बैल, मध्ये जथेदार.

पहिले काही महिने गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी भाई मेला सिंग यांना दुसरं काम उरलं नाही. गज्जण सिंग रोज नवा प्रश्न घेऊन दारात हजर. लस्सी चालेल का? भाईजींनी दाढी कुरवाळून सांगितलं, लस्सीला आच लागत नाही, चालेल. लोणचं? उन्हात मुरतं, चालेल. तूप? तूप कढतं चुलीवर, नाही. बरं, चुलीवरचं तापलेलं दूध गोठ्यात आणून गार केलं तर? “गज्जण सिंगा,” भाईजी म्हणाले, “अरदास तू केलीस. मला कशाला त्यात भाजतोस?”

एरवी तो लंगरला जेवायचा. पण टिब्बामाजऱ्याचा गुरुद्वारा लहान, लंगर सणासुदीलाच पेटायचा. उरलेले दिवस लालाच्या घरी. लालाची बायको त्याला वाढायची, तो मुकाट्यानं खायचा, आणि पाण्याला निघालेल्या बायकांना थांबवून निहाल कौर सांगायची, “आमच्या जथेदारांना सुब्याच्या दुश्मनाची रोटी चालते बरं का. फक्त माझी तेवढी बाटलेली.”

कारण लाला आता सुब्याचा दुश्मन ठरला होता. एकसष्टच्या फेब्रुवारीत शिरगणतीचा मास्तर आला. त्याआधी शहरातून दोन गाड्या भरून उपदेशक येऊन गेले होते. एका गाडीनं गुरुद्वाऱ्यासमोर सांगितलं, बोली पंजाबी लिहवा, नाहीतर पंथ बुडतो. दुसरीनं बाजारात सांगितलं, बोली हिंदी लिहवा, नाहीतर धर्म बुडतो. लाला मास्तरासमोर बसला आणि अस्सल लायलपुरी पंजाबीत म्हणाला, “लिही बाबा, आमची मातृभाषा हिंदी.” आतल्या खोलीतून त्याची नव्वदीची आई, जिला आयुष्यात हिंदीचं एक अक्षर आलं नाही, ठणठणीत पंजाबीत ओरडली, “मेल्या हवेल्या, माझी बोली विकायला काढलीस, मला विचारलंस तरी का?” मास्तराला हसू आवरेना, पण त्यानं लाला बोलला तेच लिहिलं.

गज्जण सिंग तिथेच होता. “लाला, आत्ता तू कुठल्या बोलीत खोटं बोललास?”

लाला लाजला. “गज्जणा, तुमचा सुबा झाला की आमचं दुकान चालेल का? खरं सांग. मी मोजायला घाबरत नाही, मोजला जायला घाबरतो.” गज्जण सिंग काठी उचलून निघाला. दुपारी तो नेहमीप्रमाणे त्याच्याकडेच जेवायला गेला.

त्यानंतर अमृतसरला मोठमोठे पुढारी सुब्यासाठी मरेपर्यंत उपासाला बसले आणि न मरताच रसाचा पेला घेऊन उठले. अरदास मोडली म्हणून पंथानं त्यांना तनखा लावली, म्हणजे धर्माची शिक्षा: संगतीचे जोडे पुसा, भांडी घासा. ही बातमी टिब्बामाजऱ्यात पोचली आणि गज्जण सिंगचा भाव एकदम चढला. थोरामोठ्यांच्या अरदासी मोडल्या, याची शाबूत! आसपासच्या गावांतून माणसं त्याला बघायला गोठ्यात येऊ लागली. तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून त्यांना अमृतसरची ती गोष्ट सांगायचा, दर खेपेला कबुतरं थोडी वाढवून. मोहकम उंबऱ्यात बसून ऐकायचा. शाळेत तो सांगायचा, माझा बापू असा आहे. मास्तरांची छडी खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी निघायचं नाही, का तर बापू रोटीशिवाय राहतो.

निहाल कौरनंही हार मानली नाही. वारा गोठ्याच्या दिशेनं वाहायला लागला की ती मुद्दाम मेथीचे पराठे घालायची. थंडीत पिन्न्या, म्हणजे कणकेचे लाडू, वळायला घ्यायची आणि तूप इतका वेळ परतायची की म्हैससुद्धा रवंथ थांबवून नाक वर करायची. गज्जण सिंग घोंगडी डोक्यावरून घेऊन मूळमंत्र म्हणत पडायचा. एकदा तिला ताप आला, उठवेना, तेव्हा त्यानं त्याच चुलीवर तिच्यासाठी दलिया शिजवला, घासाघासानं भरवला आणि स्वतः कच्चं गाजर खाल्लं. त्या दिवशी ती त्याला टाकून बोलली नाही.

वर्षं अशीच गेली. मग पाकिस्तानशी लढाई झाली, शीख जवानांचे फोटो पेपरांत झळकले, आणि दिल्लीला एकदम आठवलं की ही माणसं काही मागत होती. सहासष्ट साली सुबा द्यायचं ठरलं. गज्जण सिंगनं दाढी धुतली, पगडीला नवा रंग दिला, लालाला लाडू सांगितले. मध्येच कोणीतरी पेपर वाचून म्हणालं की आपली तहसील हरयाणात चाललीय. गज्जण सिंग उखडला. “पेपरवाले काय, काहीही छापतात!”

एक नोव्हेंबरला सकाळी ढोलवाला आला. निहाल कौरनं चूल सारवली. कोणाला कळू न देता ती आदल्या दिवशीच तांदूळ निवडून बसली होती, खीर करायची म्हणून. तिनं नवी ओढणी घेतली होती. गज्जण सिंग गोठ्यातून वळकटी उचलून अंगणापर्यंत आला, आणि सडकेवरून चार मजूर एक पाटी खांद्यावर घेऊन येताना दिसले. पाटीवर रंग ओला होता. गावाच्या टोकाला नाला, त्या नाल्याच्या काठावर त्यांनी खड्डा खणला आणि पाटी रोवली. नाल्यापलीकडे पंजाब. अलीकडे हरयाणा.

ढोलवाल्याचा हात हवेतच राहिला.

गज्जण सिंग पळत गेला. मजुरांना लस्सी पाजली. “पाटी जरा पुढे नेऊन लावा की. त्या पिंपळापाशी. सावली आहे, रंग टिकेल.” पिंपळ गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. मुकादमानं मिशी पुसली. “सरदारजी, पाटी हलवली म्हणून राज्य हलत नसतं.”

म्हणे शिरगणतीच्या आकड्यांवरून रेघ ओढली. लालानं दुकानाची फळी आतून लावून घेतली आणि दिवसभर उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुद्वाऱ्यात बैठक बसली. गज्जण सिंगला सुबा मिळाला की नाही? मिळाला. चूल सुब्यात आली की नाही? नाही. कोणी म्हणालं, सरकार चंदीगडचं अजून ठरवतंय, कदाचित रेघ बदलेल. कोणी म्हणालं, धरणं, कालवे सगळे दिल्लीनं स्वतःच्या मुठीत ठेवलेत, हा कसला सुबा, मारलेल्या कोंबडीची पिसं आपल्याला दिलीत. बोलता बोलता गज्जण सिंगची चूल बाजूला राहिली आणि आवाज चढले. शेवटी दारातून लाला बोलला. फळी लावून घेतल्यापासून तो पहिल्यांदाच बाहेर पडला होता.

“नाल्यापलीकडे याची दोन बिघे जमीन आहे ना? विहिरीपाशी? मग चूल तिकडे न्या. चूल सुब्यात गेली, की झालं!”

सगळ्यांनी मांड्या थोपटल्या. पापही लालाचंच आणि तोडगाही लालाचाच! भाई मेला सिंगांनीसुद्धा निर्वाळा दिला: अरदाशीत चुलीचं नाव आहे, घराचं नाही. लाला स्वतः घमेलं घेऊन पलीकडे गेला, विहिरीशेजारी माती कालवली आणि धोतर खोचून चूल घातली. एका बाजूला कलली होती, पण होती सुब्यात. गज्जण सिंग उड्या मारत घरी आला.

“निहालो! चल! तवा उचल, परात उचल, पलीकडे चल!”

निहाल कौर कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

“नाही येणार.”

“अगं, पाचशे पावलं नाहीत...”

“पावलं मोजायला मला शिकवू नका. सत्तेचाळीसला लायलपुरात आपल्या घरी कणीक मळत होते मी, अशीच. तुम्ही पळत आलात, म्हणालात, चल, रेघ ओढलीय, आपण चुकीच्या बाजूला आहोत. परातीत कणीक तशीच राहिली. हातांना लागलेली तेवढी घेऊन आले, वाटेत वाळून गळून पडली.” तिचा आवाज चढला नव्हता आणि त्यामुळेच गज्जण सिंगला जास्त भीती वाटली. “इथे आले, तेव्हा ही चूल मी याच मातीची घातली आणि म्हटलं, आता नाही उठायचं. आता कोणी कुठेही रेघ ओढो. तुम्हाला सुबा पाहिजे, तुम्ही पलीकडे जा. माझी चूल रेघांच्या मागे धावणार नाही.”

“पण माझी अरदास?”

“तुमची आहे ना? तुम्ही सांभाळा.”

गज्जण सिंग रागारागानं नाला ओलांडून गेला आणि लालाच्या वाकड्या चुलीपाशी जाऊन बसला. येईल, त्याला वाटलं. येईलच. दुपार गेली. त्यानं चार काटक्या गोळा केल्या, पेटवल्या, विझल्या. उन्हं कलली. पलीकडे त्याच्या घराच्या धाब्यावरून धूर निघाला, सरळ वर गेला. सुब्यात एकटा बसून तो हरयाणातला धूर बघत राहिला. इतकी वर्षं गोठ्यात काढली तेव्हा ती निदान दहा पावलांवर होती, शिव्या तरी देत होती. आता शिवीही ऐकू येत नव्हती, आणि त्याला एकदम रडूच आलं.

दिवेलागणीला तो उठला. नाला ओलांडला, पाटीकडे न बघता अंगणात आला, पाय धुतले आणि सरळ चुलीसमोर जाऊन बसला.

“दे,” तो म्हणाला.

निहाल कौरनं त्याच्याकडे पाहिलं. “अरदास?”

“मोडली.”

“ते लोक? गोठ्यात दर्शनाला येणारे?”

“म्हशीचं दर्शन घेतील.”

तिनं हसू दाबायला तोंड फिरवलं, पण खांदे हलायचे ते हललेच. मग तिनं रोटी थापली, तव्यावर टाकली, फुगली तशी उचलून त्याच्या हातावर ठेवली. हात भाजला तरी त्यानं खाली ठेवली नाही. पहिला घास तोंडात घालून तो ढसाढसा रडला.

“मीठ कमी आहे का?” निहाल कौरनं विचारलं.

“गप गं.”

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून शिक्षा ठरवणाऱ्या पाच प्याऱ्यांसमोर हात जोडून उभा राहिला. मोठ्या पुढाऱ्यांना लागली तीच तनखा त्यालाही लागली: जानेवारीतल्या लोहडीच्या सणापर्यंत रोज संगतीचे जोडे पुसायचे. गज्जण सिंगनं तेही असं मनावर घेतलं की जणू नवा मोर्चा मिळाला. जोड्यांवरून तो माणसं ओळखायचा आणि टाचेवरून त्यांची भांडणं सांगायचा. सावकाराच्या मुलाचे चकचकीत बूट मुद्दाम सगळ्यांत शेवटी पुसायचा. निहाल कौर रोज गोठ्यातून एक फेरी मारूनच गुरुद्वाऱ्यात यायची आणि शेणानं माखलेल्या मोजड्या त्याच्यापुढे काढून ठेवायची. “नीट पुसा, जथेदार. टाचेला राहिलंय.” तो कधी नव्हे इतका खूश होता.

पौष महिन्याच्या धुक्यात एका सकाळी मोहकम आला. तो आता पटियाल्याच्या कॉलेजात होता, मिसरूड फुटलेलं, निळी पगडी. बरोबर तीन मित्र. मोहकमनं बापाला जोड्यांच्या ढिगात बसलेलं पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. चौघांनी बूट काढले, आत गेले, माथा टेकला, पण घराकडे न जाता तिथेच परत आले.

“घरी जा की,” गज्जण सिंग म्हणाला. “तुझी बेबे वाट बघतेय. पराठे घालेल.”

“बापू, तुम्ही का मोडलीत?”

“भूक लागली,” गज्जण सिंग म्हणाला आणि मित्रांकडे बघून डोळा मारला. कोणी हसलं नाही.

“गावागावात आम्ही तुमचं नाव सांगायचो,” मोहकम म्हणाला. “सुबा मागितला, हातपाय तोडून दिला. चंदीगड नाही, पाणी नाही, आपलं गावही नाही. दरवेळी मागायचं, उपास करायचे आणि रस पिऊन उठायचं. आता मागणं बंद. आता सुबा नको, आपलं स्वतंत्र राज्य. संध्याकाळी आम्ही अमृतसरला पोचतोय. उद्या अरदास करणार.”

“काय म्हणणार अरदाशीत?”

मोहकमनं नुसती पगडी सावरली. पण त्याच्या उभं राहण्यात गज्जण सिंगला काहीतरी दिसलं. ती फुगलेली छाती त्याच्या ओळखीची होती.

“तेच?” त्यानं विचारलं. “माझंच?”

“तुमचंच, बापू. फक्त मी मोडणार नाही. आपलं राज्य होईपर्यंत बेबेच्या चुलीवरची रोटी नाही.”

गज्जण सिंगला एकच युक्ती सुचली, तीही पोरकट. बोलता बोलता त्यानं मोहकमचा डावा बूट उचलला, पुसल्यासारखा केला आणि आपल्या घोंगडीखाली सरकवून त्यावर बसला. बूट मिळेना म्हणजे हा शोधणार, शोधता शोधता बस चुकणार, बस चुकली की घरी येणार, आणि घरी आला की निहालो आहे. मित्रांनी आपापले बूट घातले. मोहकमनं ढिगात पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. त्याला कळलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. उजवा बूटही तसाच ठेवून धुक्यातून अनवाणीच सडकेकडे चालू लागला.

“अरे थांब! थट्टा केली रे! मोहकम, घेऊन जा!” गज्जण सिंग दोन्ही बूट हातात घेऊन धावला. धुक्यात बसचा भोंगा ऐकू आला, मग यंत्राची घरघर, आणि तो पाटीपाशी पोचला तेव्हा बस नाल्यापलीकडे गेली होती.

घरी आला तेव्हा निहाल कौर तव्यावर पराठा शेकत होती. पोरं आल्याचं तिला कळलं होतं, शेजारी चौघांसाठी चार थाळ्या मांडलेल्या. तिनं त्याच्या हातातल्या बुटांकडे पाहिलं, त्याच्या मागे रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. त्याला सांगावं लागलं. त्यानं एक शब्द न गाळता सांगितलं, आणि ऐकताना तिचा पराठा करपला.

“राज्यं तुम्हाला पाहिजेत,” ती म्हणाली, “आणि उपास माझ्या चुलीला.”

गज्जण सिंग खाली बसला. निहाल कौरनं करपलेला पराठा बैलांसाठी बाजूला काढला, हात धुतले आणि बूट त्याच्याकडून घेऊन ओढणीच्या पदरानं पुसले. आत कुठे दव गेलंय का ते बोट घालून पाहिलं. मग जुन्या फडक्यात बांधून त्याच्या मांडीवर ठेवले.

“दुपारची बस आहे. थंडी फार पडलीय, त्याला गाठा आणि हे द्या.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. “आणि काही बोलू नका. समजावू नका, शिकवू नका. गोठ्यात बसून जे शिकवलंत, तेच तो शिकलाय.”

गज्जण सिंग उठला. चार थाळ्या तशाच होत्या. तिनं विस्तवावर राख ओढली, आणि तो बुटांचं गाठोडं काखेत मारून सडकेकडे निघाला.